बिनशिवणीच्या चार टोप्या

१ मार्च, शनिवार

संघटनेच्या ऑफिसात मागच्या वर्षीच्या कोऱ्या डायऱ्या पडून होत्या, त्यातली एक मागून घेतली. वार जुळत नाहीत, रोज खोडून लिहावे लागणार. चालेल.

जोगेश्वरीला घरकामगार बायकांच्या संघटनेत लागून मला सहा महिने झाले. मी बायकांचे अर्ज लिहिते, त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगते. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला की तो माझ्याच हातात येतो, मग ते लाइट बिल असो की सोसायटीची नोटीस. आणि संध्याकाळी दिंडोशीला घरी यावं तर माझी स्वतःची आई पंख्याखाली बसून टोप्या विणत असते, आणि त्यांच्यावर तिचं नाव कुठेच नसतं. हे मला खटकतं. कुठेतरी लिहायला हवं, म्हणून ही डायरी.

आज नवीन ऑर्डर आली. हर्षदकाका घेऊन आले. ते बाबांचे जुने सोबती. दोघे गोरेगावला स्टुडिओत ड्रेस खात्यात होते, बाबा शिलाईवर आणि काका इस्त्रीवर. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. काकांनी पुढे स्वतःचं गोडाऊन टाकलं, ते शूटिंगला कपडे पुरवतात. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांचे म्हातारे वडील. लोकरीचं काही लागलं की ते आईकडे आणतात.

सिनेमाचा हिरो गढवालच्या डोंगरातला मेंढपाळ आहे. त्याच्या एकाच टोपीच्या चार प्रती हव्यात. एक नवी, एक वापरून विटलेली, एक रक्त लागलेली, आणि एक मारामारी करणाऱ्या डुप्लिकेटसाठी. पडद्यावर एक काढून दुसरी घातली तरी कळता कामा नये. कपडे ठरवणाऱ्या मानसीमॅडमची आणखी एक अट आहे, टोपीला शिवण नको. शिवण दिसली की ती मशीनची वाटते म्हणे.

आई म्हणाली, माझ्या टोपीला शिवण असतेच कुठे. काका हसले. त्यांनी आणलेली लोकर राखाडी, जाड आहे आणि तिला मेंढीचा वास येतो. उन्हाळा तोंडावर आणि आमच्या घरात मेंढी.

५ मार्च, बुधवार

आईची कृती लिहून काढायचं ठरवलं आहे. नुसती तिच्या डोक्यात राहायला नको.

दोन्हीकडे टोकं असलेल्या चार सुया. तीन सुयांवर टाके, चौथीने विणायचं. टोपी गोल गोल वर चढत जाते, त्यामुळे जोडायला कडा उरतच नाहीत. एकूण शहाण्णव टाके. खाली चार बोटं रुंद, दोन सुलट दोन उलट अशी पट्टी. मग आठ सुलट, चार उलट, असं आठ वेळा. ते आठ सुलट टाके म्हणजे एक वेणी. दर आठव्या फेरीला त्यातले चार टाके एका तारेवर काढून मागे धरायचे, पुढचे चार आधी विणायचे, मग तारेवरचे. तेवढ्यात वेणीला पीळ पडतो. तार म्हणून आई मोडक्या छत्रीची काडी वापरते.

तिला आकडे विचारले तर सांगता येत नाहीत. हात चालू असले की बरोबर येतात. मी बाजूला बसून मोजते आणि लिहिते. घामाने लोकर बोटांना चिकटते, म्हणून ती दर दहा मिनिटांनी हाताला पावडर लावते.

हे ती ट्रान्झिट कॅम्पात शिकली. आमची वस्ती पाडून इमारत उभी राहीपर्यंत आम्ही सात वर्षं तिथे होतो. शेजारी गढवाली वॉचमनची बायको राहायची. तिने आईला टोपी शिकवली, आईने तिला भाकरी थापायला. त्या बाईची वेणी सहा टाक्यांची होती. आईने आठाची केली, आणि टाळूपाशी वेण्या बुजवून टाकण्याऐवजी त्या शेवटपर्यंत नेल्या. वरून बघितलं तर आठ वेण्या एका ठिकाणी येऊन मिळतात.

मी म्हटलं, म्हणजे ही वीण तुझीच झाली. ती म्हणाली, "तिचीच गं. मी फक्त जाड केली."

आमच्या बायकांचं हे असंच. आपलं म्हणायला शिकवायलाच हवं.

८ मार्च, शनिवार

संघटनेचा महिला दिनाचा कार्यक्रम सकाळी होता. मी प्रास्ताविक केलं, विषय होता कष्ट करणाऱ्या हातांना चेहरा मिळाला पाहिजे. टाळ्या पडल्या. त्याच भरात दुपारी घरी आले तर काका बसले होते. आई कशावर तरी इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी येत होतं. मी विचारलं काय झालं, तर दोघांपैकी कोणाला सांगता येईना. काहीतरी हिरोच्या डोक्याच्या मापाचं होतं.

मी काकांना सरळ विचारलं की सिनेमाच्या शेवटी एवढी नावं येतात, त्यात आईचं येणार का. ते म्हणाले, टोपीला कोण नाव देतं. आईने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला उठले.

एक गोष्ट लक्षात आली. आई पूर्वी त्यांना हर्षदभाऊ म्हणायची. आता नुसतं "अहो ऐका" म्हणते, मालकाला म्हणावं तसं. ते यायचे असतात त्या दिवशी पातळही बदलते. कामासाठी इतकं दबून राहायचं मला पटत नाही.

१३ मार्च, गुरुवार

मंगळवारी दुसरी टोपी टाळूपर्यंत पोचली होती. मी स्वतः बघितली होती, शेवटचे सोळा टाके उरले होते. आज बघते तर ती परत चौथ्या पिळावर. विचारलं तर म्हणाली, एक वेणी सैल वाटली म्हणून उसवली. मला तर चांगली वाटली होती. शनिवारपर्यंत एकच टोपी तयार असेल, म्हणजे काकांना पुढच्या शनिवारी परत खेप.

काय ही धास्ती. त्या माणसाला काम पसंत पडावं म्हणून चांगली टोपी उसवते. शेजारच्या प्रेमामावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "उसव गो बाई, उसव. लोकर काय कुठे जात नाय." आणि हसत निघून गेल्या. मला त्यांचं हे कुचकट बोलणं आवडत नाही.

२३ मार्च, रविवार

चौथी टोपी मी गेल्या रविवारी विणायला घेतली. आईने पट्टी करून दिली, पुढचं माझं. शहाण्णव टाक्यांची पहिली फेरी व्हायला मला पाऊण तास लागला. पाचव्या वेणीत तार मागे धरायची ती मी पुढे धरली, त्यामुळे तिचा पीळ उलट्या अंगाला गेला. ते मला आज, अकरा फेऱ्यांनंतर दिसलं. मी सगळी उसवायला निघाले तर आईने हात धरला. तिने फक्त ते आठ टाके सुईवरून काढले, ते चुकलेल्या जागेपर्यंत खाली सोडले, आणि छत्रीच्या काडीने एकेक फेरी परत वर उचलून घेतली. बाकीची टोपी जागची हलली नाही.

आजचा दिवस चांगला गेला. आईजवळ इतका वेळ कित्येक महिन्यांत बसले नव्हते. एकदा ती म्हणाली, शीतल, तुझं लग्न झालं की मी एकटीच की गं. मी म्हटलं मी लग्न करणारच नाही, तुला सोडून कुठे जाणार. ती सुयांकडे बघत राहिली. तिला बरं वाटलं असावं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग इमारतीखाली मंडप, भाषणं, खीर. मी मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली. आईने पांढरं पातळ नेसलं होतं, केसात मोगरा.

दुपारी बघते तर मंडपाच्या कडेला हर्षदकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काही नाही. टोपी तयार नव्हती आणि तसं त्यांना माहीतही होतं. आजच्या दिवशीसुद्धा तगादा. आईने स्वतः जाऊन त्यांना खिरीची वाटी दिली. ते उभ्याउभ्या खात होते आणि ती तिथेच उभी होती, कोणाशी ओळख करून देत नव्हती आणि हलतही नव्हती. त्यांच्या जातीतली माणसं आमच्या मंडपात क्वचित येतात, हे मात्र मानावं लागेल. पण काम असलं की माणूस कुठेही येतो.

१९ एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

चारही टोप्या तयार झाल्या. काकांच्या वडिलांना, शरच्चंद्रआजोबांना, सकाळी हॉस्पिटलात न्यावं लागलं. काकांनी फोन केला की टोप्या गोरेगावला मॅडमच्या ऑफिसात पोचवायला हव्यात, कोणी आहे का. आईला दोन दिवस ताप होता, म्हणून मी म्हटलं मी जाते. ते म्हणाले गेटवर दे, आत जाऊ नको. मला ते लागलं. गेटवर का? मी आत गेले.

मानसीमॅडम चांगल्या वाटल्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी टोप्या हातात घेतल्या, उलट्या करून बघितल्या, नाकाला लावल्या. त्यांच्या मागे भिंतीवर एक मोठा बोर्ड होता, त्यावर डोंगरांचे फोटो, कापडाचे तुकडे, आणि मधोमध काकांनी पाठवलेला आमच्या पहिल्या टोपीचा फोटो. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही टोपी गढवालच्या एका गावातल्या ब्याऐंशी वर्षांच्या आजीने विणली आहे, ही वीण जाणणारी ती गावातली शेवटची बाई.

मॅडमनी मला ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. म्हणाल्या, टोपी हातात घेतली की त्या आजीची चूल दिसते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला विचारलं, तू हर्षदच्या गोडाऊनमध्ये असतेस का?

मी हो म्हणाले.

बसमध्ये बसल्यावर ते डोक्यातून जाईना. त्या चारांतली एक टोपी मी विणली होती. शहाण्णव टाके, पाऊण तासाची फेरी. आणि मी हो म्हणाले.

२० एप्रिल, रविवार

आईला सगळं माहीत होतं.

मी सांगायला लागले आणि ती मधेच हसली. म्हणाली, "ब्याऐंशी वर्षांची केली मला. मी म्हटलं त्यांना, सत्तर तरी करा."

काकांनी आधी तिला विचारलं होतं म्हणे. मॅडमना पहाडातलंच हवं होतं. दिंडोशीची टोपी म्हटलं असतं तर बघितलीही नसती. मी म्हटलं, तू मान्य कसं केलंस? तुझं नाव पुसून तिथे एक खोटी बाई बसवली. ती म्हणाली, खोटी कशी, ती वॉचमनची बायको होतीच की. आता असेल साठीची. मी म्हटलं, हा विनोद नाही. आपल्या माणसांच्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर जाणं हे किती पिढ्या चाललंय, आणि तू हसतेस.

तेव्हा ती हसायची थांबली. मग म्हणाली, "मला नावाचं काय करायचंय, शीतल? माझं दुसरं बरं चाललंय."

दुसरं काय, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मी रागात होते.

२६ एप्रिल, शनिवार

काका आले. आजोबा घरी आलेत, आता बरे आहेत. मॅडमना टोप्या फार आवडल्या आणि त्यांना आजीचा फोटो हवा आहे, सिनेमाच्या जाहिरातीसाठी. काका म्हणाले, मी सांगितलंय की ती चेहरा दाखवत नाही, पण हातांचा फोटो देईल.

मी तिथेच होते. आई खिडकीपाशी बसली, मांडीवर लोकर. आई म्हणाली हात पुरेसे म्हातारे दिसतील ना. काका तिच्यापुढे जमिनीवर बसले, तिची बोटं एकेक करून सुईवर ठेवली, मनगट थोडं उजेडाकडे वळवलं, आणि म्हणाले, "तुझे हात म्हातारे नाहीत. तुमचे, वहिनी. कामाचे आहेत." एका फोटोसाठी किती वेळ. काढत होते, बघत होते, परत बोटं नीट करत होते. आई एकदाही म्हणाली नाही की पुरे.

हात चालतात, चेहरा नको. आणि तोंडावर सरळ तू-तुझे. महिला दिनाला मी जे बोलले ते माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर. हे असंच चालू दिलं तर मी रोज त्या बायकांना कुठल्या तोंडाने हक्क सांगू?

२८ एप्रिल, सोमवार

मॅडमना मेल केला. त्यांचा पत्ता त्यांनी त्या दिवशी दिलेल्या कार्डावर होता. जेवणाच्या सुट्टीत इंग्रजीत लिहिला, चार वेळा तपासला. टोप्या कोणी विणल्या, ती कुठे राहते, काय शिकली, कोणाकडून शिकली. पूर्ण कृती जोडली. आईचा विणतानाचा फोटो जोडला, चेहरा दिसणारा. काकांनी काय केलं तेही लिहिलं. परिस्थिती नीट कळावी म्हणून त्यांच्या आमच्याकडे येण्याबद्दल दोन वाक्यं घातली. शेवटी एकच मागणी, आईचं नाव.

आईला सांगितलं नाही. नाव आलं की तिला आनंदच होईल.

पाठवल्यावर हलकं वाटलं. घरी येताना कलिंगड आणलं.

२ मे, शुक्रवार

मॅडमचा फोन आला. नाव येणार. त्यांनी शब्द दिला आहे. आवाज थंड होता, पण त्या म्हणाल्या तू सांगितलंस ते बरं केलंस, आम्ही त्या आजीची जाहिरात करणारच होतो. हर्षदकडून यापुढे काही घेणार नाही, त्याला तुझा मेल पाठवून खुलासा मागितला आहे.

मेल त्यांना पाठवतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण सत्य आहे ते आहे. नाव येणार. शकुंतला धोंडिराम, मग आडनाव. उद्या संध्याकाळी आईला सांगेन, मधल्या वेळात तिच्यासाठी काहीतरी घेऊन.

३ मे, शनिवार

सांगायची वेळ आली नाही.

काका नेहमीच्या वेळेला आले. आईने चहा ठेवला होता. ते बसले, कप हातात घेतला, आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाले, मॅडमनी पाठवलंय, इंग्रजी आहे. मोबाइलने मराठी करून बघितलं, पण ते धड लागत नाही. "वर तुझं नाव दिसतंय. तूच वाच."

आईने माझ्याकडे बघितलं. घरातला प्रत्येक कागद मीच वाचते. मी वाचायला लागले.

बायकांना मी रोज वाचून दाखवते, त्याच आवाजात सुरुवात केली. टोप्या माझ्या आईने विणल्या आहेत, इथपर्यंत ठीक होतं. हा माणूस तिचं काम दुसऱ्याच्या नावावर विकतो. काका मान हलवत होते, जणू बरोबर आहे. मी लिहिलेलं मीच मराठीत सांगत होते आणि मराठीत ते वेगळंच ऐकू येत होतं. इंग्रजीत लिहिताना ती एक विधवा बाई होती. मराठीत ती समोर बसली होती, मांडीवर लोकर घेऊन.

मी त्या दोन वाक्यांपाशी थांबले आणि मोबाइल परत करायला लागले. आईला अक्षर वाचता येत नाही, पण ओळी दिसतात. ती म्हणाली, "थांबलीस का? अजून आहे खाली."

मग मी वाचलं. तो दर शनिवारी कामाचं निमित्त करून आमच्या घरी येऊन बसतो. माझी आई विधवा आहे आणि त्याच्या कामावर अवलंबून आहे, म्हणून तिला त्याला नाही म्हणता येत नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते आईकडे वळले.

"शकु, तुला नाही म्हणता येत नव्हतं?"

आईला त्या नावाने हाक मारताना मी फक्त बाबांना ऐकलं होतं.

आईने वर बघितलं, त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. तिचं तोंड उघडलं होतं. मी तिथेच उभी होते, मोबाइल हातात. ती परत खाली बघायला लागली.

काका थांबले.  मग न प्यायलेला कप त्यांनी सांभाळून बाजूला ठेवला, माझ्या हातातून मोबाइल घेतला, आणि म्हणाले, नीट वाचलंस. चपला घालताना त्यांना एक चप्पल सापडेना, ती आईच्या चपलेखाली होती.

४ मे, रविवार

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मी सांगितलं की नाव येणार आहे. ती म्हणाली बरं.

१० मे, शनिवार

कोणी आलं नाही. आईने पातळ बदललं होतं.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. आई विहारात गेली, मला चल म्हणाली नाही. मी दारात बसले होते तर प्रेमामावशी येऊन शेजारी बसल्या. त्यांना सगळं कळलं होतं. भिंत एकच आहे.

म्हणाल्या, "काय गो शीतल, तो माणूस टोप्यांसाठी येत होता? टोपी काय, कुरियरने जाते."

मग त्या म्हणाल्या, आई तुला सांगायला घाबरत होती. तुझी नोकरी पक्की झाली की सांगू, असं ठरलं होतं. मला तुझ्या मनातलं काढून घ्यायला सांगितलं होतं, पण तुझ्याशी बोलायला गेलं की तू भाषण सुरू करतेस.

मी आत आले आणि ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. पातळ, "अहो ऐका", उसवलेली टोपी, खिरीची वाटी. सगळं मीच लिहिलेलं आहे, माझ्या अक्षरात, तारखांसकट. एकही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. प्रत्येक ठिकाणी मी शेजारी अर्थ लिहून ठेवला आहे, आणि प्रत्येक अर्थ चुकीचा आहे.

काकांचं खोटं खोटंच होतं. नाव यायलाच हवं होतं. हे मी अजूनही म्हणते. पण ती दोन वाक्यं कशाला घातली? तिथे ती लागत नव्हती. अर्ज जड व्हावा म्हणून घातली. विधवा, अवलंबून. आम्ही ऑफिसात हे शब्द वापरतो, कारण त्यांनी काम होतं.

१८ मे, रविवार

काकांच्या गोडाऊनला गेले. पोलिसांचे गणवेश, वकिलांचे कोट, लग्नाचे फेटे, सगळं छतापर्यंत टांगलेलं, त्यामध्ये एका खुर्चीत शरच्चंद्रआजोबा झोपले होते. काका फेटे मोजून खोक्यात भरत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुसून दिलं.

मी माफी मागितली. ते म्हणाले, नावाचं तू बरोबर केलंस. ते मी मागायला हवं होतं. मी सोपं म्हणून खोटं बोललो, आणि पंधरा दिवस मला स्वतःचीच लाज वाटते आहे. "त्यात तुझं चुकलं नाही."

मी म्हटलं, मग घरी या. ते म्हणाले, मी तिला विचारलं, ती बोलली नाही. मी म्हटलं, मी समोर होते म्हणून बोलली नाही.

ते थोडे हसले. "तू नेहमीच असणार की गं. तिची मुलगी आहेस."

पाण्याचा पेला दिला. मग दुसऱ्या विषयावर बोलायला लागले, की हल्ली सगळं भाड्याने ऑनलाइन मिळतं, या धंद्यात राम नाही, आजोबांना गावची हवा मानवते. निघताना मी पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले.

१९ मे, सोमवार

आईला सगळं सांगितलं. कुठे गेले, ते काय म्हणाले. मग म्हटलं, आई, तू जा त्यांच्याकडे. माझी काही हरकत नाही. मला खरंच आनंद होईल.

ती तांदूळ निवडत होती. आता ती प्रेमामावशींबरोबर टिफिन सेंटरला चपात्या लाटायला जाते, सुया कपाटात आहेत.

म्हणाली, "त्या दिवशी तू उभी होतीस म्हणून बोलले नाही. आता तू सांगतेस म्हणून जाऊ? दोन्ही वेळेला तूच."

आवाज चढला नाही. ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

२४ मे, शनिवार

दुपारी तीन ते सात घराबाहेर राहायचं ठरवलं आहे, दर शनिवारी. आईला सांगितलं ऑफिसचं काम आहे. डेपोजवळच्या बागेत बसले. सात वाजून गेल्यावर घरी. एकच कप विसळून ठेवलेला होता.

३१ मे, शनिवार

बाग. बाकावर आज मुलं होती म्हणून कठड्यावर बसले. मॅडमचा मेसेज आला, आईच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग विचारायला. मी कळवलं. मग त्यांनी यादीतल्या त्या ओळीचा फोटो पाठवला. टोप्या, आणि पुढे आईचं पूर्ण नाव. तो फोटो मी किती वेळ बघत होते. मागच्या महिन्यात हाच मिळाला असता तर मी नाचले असते.

आईला दाखवला. तिने मोबाइल हातात घेतला, अंगठा त्या ओळीखालून हळू सरकवला, आणि विचारलं हे मी का. मी म्हटलं हो. तिने मोबाइल परत दिला.

७ जून, शनिवार

बागेतून आले तेव्हा आई दाराशी कांदे चिरत बसली होती. म्हणाली, "कुठे बसतेस एवढा वेळ?"

मी म्हटलं ऑफिस. ती म्हणाली, प्रेमामावशीने पाहिलं तुला, डेपोजवळच्या कठड्यावर. पुढच्या शनिवारपासून घरीच बस. तो मंगळवारी गावी गेला, म्हाताऱ्याला घेऊन. गोडाऊन विकून टाकलं.

 मी विचारलं, तुला कोणी सांगितलं?

"त्याचाच फोन आला होता, गाडीतून."

"काय म्हणाले?"

आईने कांदा चिरून संपवला. साली गोळा केल्या.

"शीतल कशी आहे म्हणून विचारत होता."